सिस्टरबाईंचं नाक

परंड्यात खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीणबाईंनी मला भाडं सांगितलं नाही, नवरा काय करतो ते विचारलं नाही, नळाला पाणी कधी येतं हेही सांगितलं नाही. त्यांनी माझ्या नाकाखाली कापसाचा एक बोळा धरला आणि विचारलं, "कशाचा येतोय?"

मी हायस्कूलवर मराठी शिकवायला नव्यानेच आले होते. ओळख ना पाळख, आणि ही बाई नाकाशी बोळा धरते म्हटल्यावर माझ्या मनात नाही नाही ते आलं. पण बोळ्याला लवंगेचा वास होता. तसं मी सांगितलं. मग लिंबाचा बोळा आला, मग निलगिरीचा. चौथ्याला मी म्हणाले, "आइस्क्रीमचा." बाईंनी बोळा परत घेतला. "व्हॅनिला म्हणत्यात त्याला. पण चालंल. खोली तुमची, मॅडम."

अशा रीतीने मी नाकाच्या जोरावर भाडेकरू झाले. नवऱ्याची नोकरी कुर्डुवाडीला. तो सकाळच्या एसटीने जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. मधला सगळा वेळ मी शाळेत, नाहीतर बाईंच्या तावडीत.

त्यांना नाव होतं, पण ते फक्त लाइटबिलावर. गाव त्यांना सिस्टरबाई म्हणायचं. आसपासच्या खेड्यांत नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. पण तालुक्यातली निम्मी पोरं म्याच भुईवर आणली, असं त्या सहज सांगायच्या, आणि बाजारात त्यांच्याबरोबर दहा पावलं चाललं की ते खरं वाटायचं. मिशा फुटलेले बाप्ये त्यांना बघून विडी मागे लपवायचे.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना त्यांना करोना झाला. ताप चार दिवसांत उतरला. वास गेला तो गेलाच. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की रोज दोनदा चार उग्र वास हुंगत जा, नाकाला आठवण करून द्या, येईल हळूहळू. त्यांनी सांगितलेल्या चारात गुलाब होता. परंड्यात बारा महिने गुलाब कुठून आणायचा म्हणून बाईंनी त्याच्या जागी व्हॅनिला घेतला. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला त्या खुर्चीत ताठ बसून चार बोळे हुंगायच्या आणि लांब रजिस्टरात नोंद करायच्या. रजिस्टर स्वतः आखलेलं. लवंग, लिंबू, निलगिरी, व्हॅनिला, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. गावात साथीचा पेशंट नसला की नोकरीत जो शब्द लिहायचा तोच त्या चारही रकान्यांत लिहायच्या. निरंक. मी पानं उलटून पाहिली होती. निरंक, निरंक, निरंक, निरंक. एका दिवसाचीही खाडाखोड नव्हती.

व्हॅनिलाची बाटली एकदा उघडली की तिचं करायचं काय, यातून केक सुरू झाले. बोळ्याला दोन थेंब लागणार, उरलेली बाटली काय देव्हाऱ्यात ठेवायची? बाईंनी मोबाइलवर कुठल्याशा गोऱ्या बाईचा व्हिडिओ पाहिला. कागदाच्या वाटीएवढे व्हॅनिलाचे केक, पोटात आख्खं बिस्किट लपवलेलं आणि डोक्यावर क्रीम चीजचा पांढरा तुरा. त्या बाईचं बोलणं यांना कळलं नाही, पण मापं कळली. मापात बाई कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. व्हॅनिला त्या सुई काढलेल्या सिरिंजने मोजायच्या. पहिल्यांदा आलेला पाहुणा ओट्यावरची सिरिंज बघून खायचं की नाही या विचारात पडायचा.

क्रीम चीज त्यांनी परंड्यातल्या दुकानात मागितलं तेव्हा दुकानदाराने चीजच्या खारट वड्या दिल्या. त्या घेऊन त्या माझ्याकडे आल्या. मी बरंच शोधून, वाचून त्यांना समजावलं की ते असं असतं, मऊ, किंचित आंबट, दुधाचं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग चक्काच म्हणा की." झालं. शेजारच्या म्हशीचं दूध, घरचं विरजण, आणि दही पांढऱ्या फडक्यात बांधून सलाईनच्या स्टँडला टांगलेलं. हा स्टँड त्यांनी दवाखान्याच्या जुन्या सामानाच्या लिलावात घेतला होता. खालच्या पातेल्यात थेंब थेंब पाणी पडत असायचं आणि बाई येता-जाता घड्याळ लावून थेंब मोजायच्या. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी दारातूनच हळू आवाजात मला विचारलं होतं, की घरात कोण आजारी आहे.

पोटातलं बिस्किट म्हणजे नानकटाई. दिवाळी आली की तिकडच्या बायका मैदा, तूप, साखर डब्यात घालून बेकरीत जातात आणि भट्टीवाल्याकडून नानकटाई भाजून आणतात. सिस्टरबाई हे बारा महिने करायच्या. बेकरीवाल्या चाचांच्या सगळ्या मुलांना बाईंनीच डोस पाजलेले, त्यामुळे चाचांना नाही म्हणायची सोय नव्हती. बाई भट्टीसमोर मनगटावरच्या घड्याळात बघत उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, अजून दोन मिनिटं. चाचा गिऱ्हाइकांना सांगायचे, "सिस्टर है तबतक भट्टी उनकी, हम कंपाउंडर."

केकच्या आत नानकटाई कशाला, असं मी एकदा विचारलं. नुसता केकही चांगलाच लागायचा. त्या म्हणाल्या, "तुमाला चांगला लागतो. मला कापूस लागतो. वास गेला की चव बी जाती, नुसतं ग्वाड आन खारट उरतं. मधी नानकटाई आली की दाताला तरी कळतं, काईतरी हाय."

एवढं सांगून त्या पुढच्या वाट्यांत पीठ घालू लागल्या. मी मात्र हातातला केक परत ताटलीत ठेवला.

माझी नेमणूक 'नाक' या पदावर झाली होती. दूध नासलं का, तूप खवट आहे का, गॅस सुटलाय का, चक्का जास्त आंबला का, हे सगळं माझ्याकडे. रोज शाळेतून आले की चपला काढायच्या आधी स्वयंपाकघरात हजेरी. सुरुवातीला मी हुंगून म्हणायचे, छान येतोय. बाईंना तो शब्द सहन व्हायचा नाही. छान हा वास नव्हे, ते तुमचं मत झालं, असं त्या म्हणायच्या. पेशंटच्या कागदावर कुणी 'पेशंट छान' लिहितं का? मग मी नीट सांगायला शिकले. तूप कढईतून आत्ताच काढल्यासारखं येतंय, पण मागे जराशी जुनी फळी आहे. चक्क्याला ओल्या चुन्याचा वास आहे. बारा वर्षं निबंध शिकवणारी मी, त्या ओट्याशी उभी राहून पहिल्यांदा वर्णन करायला शिकले, हे कबूल करते. ज्या दिवशी मी व्हॅनिलाबद्दल म्हणाले, की हा वास आधी नाकात नाही, घशात कळतो, त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा 'पोरी' म्हटलं. मॅडमची पोरी झाले ती तिथं.

त्यांच्या नाकाची महती मला गावाकडून कळली. सोनारीच्या एका घरी त्या बाळंतिणीला बघायला गेल्या होत्या. आठवा दिवस. घरात शेगडी, ओव्याची धुरी, सगळं यथासांग. बाई उंबऱ्यातच थांबल्या आणि म्हणाल्या, हिला आत्ता बार्शीला न्या. सासू म्हणाली, ताप नाही, जेवते, हसते, कशाला न्यायचं? बाई म्हणाल्या, वास बिघडलाय. धुरीच्या आड दुसरा वास त्यांना कळला होता. त्यांनी स्वतः जीप थांबवली, स्वतः बरोबर गेल्या. बार्शीच्या डॉक्टरांनी सांगितलं की उद्या आणलं असतं तर हाती लागली नसती. ती बाई परंड्याच्या बाजारात भेटली की सिस्टरबाईंच्या पिशवीत न विचारता कोथिंबीर कोंबते. मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून मला वाटायचं की बाईंना त्यांचं ते कामाचं नाक परत हवं असणार. तसं मी बोलूनही दाखवलं. त्या हसल्या. आता कुठं ड्युटी राहिली, म्हणाल्या. मग चक्क्याचं फडकं पिळता पिळता माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं, "पोर भुईवर आलं की नाळ कापायची, पुसायचं, आन आईकडं द्यायच्या आधी म्या एकदा टाळू हुंगून घ्यायची. कुणाला दिसू न देता. तेवढं माझं. व्हॅनिला न्हाय आला तरी चालंल मला. त्यो एक वास एकदा यावा, बस."

त्यानंतर रजिस्टरातलं 'निरंक' मला वाचवेना.

आणि अशा बाईशी मी खोटं बोलले.

बुद्धपौर्णिमा होती. विहारात दरवर्षी खीर असते. त्या वर्षी बाईंनी जाहीर केलं की खीर होऊ द्या, पण माझ्याकडून सगळ्यांना केक. दोन दिवस घरात नुसती धामधूम. चाचांच्या भट्टीवरून नानकटाई आली, सलाईनच्या स्टँडला एकाऐवजी तीन पुरचुंड्या लागल्या. वैशाखाचं ऊन असं की तुरा काढला की घटकेत खाली बसणार. पण नर्स बाईला गारवा टिकवायला कोण शिकवणार? लशीच्या डब्यासारखे दोन निळे आइसबॉक्स त्यांनी आणले, बर्फाच्या पिशव्या रचल्या, सकाळी तुरे काढून केक आत ठेवले, झाकणं लावली आणि दुपारपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

दुपारी निघायच्या वेळी त्या पांढरीशुभ्र साडी नेसून उभ्या. दारात रिक्षा. त्यांनी झाकण उघडलं आणि म्हणाल्या, "पोरी, बघ बरं."

मी वाकले. फिनेल. लख्ख फिनेल. स्वच्छतेची हौस दांडगी, म्हणून बाईंनी डबे आदल्या दिवशी फिनेलने धुतले होते, मग साध्या पाण्याने चारदा विसळले होते, पण उन्हात उघडे टाकले नव्हते. पाण्याने फिनेल गेलं, वास राहिला. आणि चक्क्याचा तुरा शेजारचा वास कसा ओढून घेतो ते मला ठाऊक होतं. बाहेर रिक्षावाला हॉर्न देत होता. बाईंच्या तोंडावर जो आनंद होता तो मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"छान येतोय," मी म्हणाले.

विहारात वंदना झाली, खीर झाली, केक वाटले. मी खांबाआड उभी राहून लोकांची तोंडं बघत होते. कुणीही तोंड वाकडं केलं नाही. उलट बायका पोरांना दटावून संपवायला लावत होत्या. मला काही उमजेना. शेवटी बाईंच्या नात्यातली एक म्हातारी बोळकं पुसत आली आणि म्हणाली, "सिस्टर, दवाखान्याचा वास येतोय गं, पण लई ग्वाड हाय. जंताचं औषध घातलंय व्हय? नातवाला आनिक एक दे." मागच्या बायकांनी माना डोलावल्या. सिस्टरने केलंय म्हणजे त्यात काहीतरी औषध असणार, असं सगळ्या विहाराने आपसूक धरलं होतं आणि भक्तिभावाने डोस घेतला होता.

दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे घडलं असतं तर मी पोट धरून हसले असते. बाईंनी म्हातारीला केक दिला. मग माझ्याकडे आल्या. त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगितलं, हो, येत होता. निघतानाच येत होता.

त्या चिडल्या नाहीत. घरी आल्यावर डबे अंगणात उपडे टाकले, पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "नाक गेलं तवा म्या रडले न्हाय. म्हणलं, दुसऱ्याच्या नाकानं भागवू. आज ते बी गेलं. तुमी छान म्हणलात तवाच मला कळाया पायजे हुतं, मॅडम."

मॅडम. मला कुणी मुस्काटात दिली असती तर बरं वाटलं असतं. मी दया केली होती, आणि दया केली हीच चूक होती, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. पण कळून काय उपयोग?

नाक या पदावरून मला काढलं. भांडण नाही, अबोला नाही. चहा व्हायचा, केकही खोलीवर यायचा, पण चक्का हुंगायला दूधवाल्या मावशींना बोलावलं जाई आणि त्या बिचाऱ्या दर वेळी एकच सांगत, दह्यासारखा येतोय. मी भिंतीपलीकडून ऐकायचे. पाऊसकाळ असाच गेला.

दिवाळीच्या सुमारास एका सकाळी बाईंच्या स्वयंपाकघरात केकचं पीठ फेटलं जात होतं आणि मी माझ्या खोलीतून तोंडावर पदर दाबून धावत मोरीशी गेले. व्हॅनिला. तो घशात कळणारा वास आता पोटात कळला होता. दुसऱ्या दिवशीही तेच, फोडणीला तेच, नवऱ्याच्या डोक्याच्या तेलाला तेच. तिसऱ्या दिवशी बाई मोरीच्या दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "किती दिवस चुकलं?" मी बोटं मोजायला लागले, तोवर त्या नाडी बघून मोकळ्या झाल्या होत्या.

त्या दिवसापासून व्हॅनिलाची बाटली तीन डब्यांच्या आत गेली. व्हॅनिलाचा बोळा त्या गच्चीवर जाऊन हुंगायच्या. माझं वजन, रक्त, गोळ्या, सगळ्याची नोंद त्यांच्याकडे. मला त्या फार जपत. पण मॅडमच म्हणत.

बाळंतपणाला मी माहेरी नगरला गेले. मुलगी झाली. सव्वा महिन्याने तिला घेऊन परंड्याला आले तेव्हा बाईंच्या घरात केक भाजत असल्याचा वास दारापर्यंत आला होता आणि मला तो पुन्हा आवडला होता. बाईंनी आधी हात कोपरापर्यंत धुतले, पुसले, मग पलंगाशी आल्या. मुलगी दुपट्यात गुंडाळून झोपली होती. नुकतंच न्हाऊ-माखू झालेलं.

त्या वाकल्या. या वेळी कुणापासून लपवलं नाही. डोळे मिटून त्यांनी टाळूशी नाक नेलं, एकदा श्वास घेतला, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा. मला वाटलं होतं की येईल. खरंच वाटलं होतं, की देवाधर्माचं काही असेल जगात तर आत्ता येईल.

त्या सरळ झाल्या. "निरंक," म्हणाल्या.

मला रडू फुटलं. बाई पलंगाच्या कडेला बसल्या, त्यांनी मला जरा रडू दिलं. मग म्हणाल्या, "पोरी, तू हुंग. आन मला सांग. खरं सांग."

मी डोळे पुसले, नाक शिंकरून घेतलं आणि लेकीच्या टाळूवर वाकले. घाई केली नाही. सांगितलं, वरती खोबरेल आहे, ताजं, पण कोमट केलेलं. त्याच्या खाली ओव्याची धुरी, अगदी थोडी, केसांच्या मुळाशी. त्याच्या खाली दूध, आंबट नाही, सांडून वाळलेलं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या, एकेकाला मान हलवत होत्या. मग मी थांबले.

"आन त्याच्या खाली?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा वाकले. बराच वेळ तशीच राहिले. "खाली अजून एक आहे, बाई," मी म्हणाले. "पण त्याला मला शब्द सापडत नाही. कशासारखाच नाही तो."

सिस्टरबाईंनी डोळे उघडले नाहीत. त्यांचा चेहरा मात्र सैल झाला, हसला. "त्योच," त्या म्हणाल्या. "त्योच गं त्यो."

संध्याकाळी केक घ्यायला मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. सहाची नोंद झाली होती, रजिस्टर ओट्यावर उघडंच होतं. चार रकान्यांत नेहमीचं, निरंक. पण पानाच्या कडेला पट्टीने सरळ रेघ मारून त्यांनी पाचव्या वासाचा रकाना आखला होता. वर लिहिलं होतं, बाळाची टाळू. खाली लिहिलं होतं, आला. आणि शेऱ्यात, त्यांच्या त्या गोल, सरकारी अक्षरात: मॅडममार्फत.